मुदतीचे दुःख : आजारपणाचा मराठी कौटुंबिक चित्रपट आणि समीक्षेची कसोटी

१

असाध्य किंवा जीवघेण्या आजाराची कथा सांगणाऱ्या मराठी कौटुंबिक चित्रपटांचे समीक्षेने जे स्वागत केले त्याचा मागोवा घेताना एक शब्द वारंवार भेटतो, तो म्हणजे 'संयम'. दिग्दर्शकाने दुःखाचे भांडवल केले नाही, नटाने अश्रू आवरले, शेवट ओढूनताणून करुण केला नाही, अशा बहुतांशी नकारार्थी विधानांतून या चित्रपटांचा गौरव होत आला आहे. उलट ज्या चित्रपटाने प्रेक्षकाला मोकळेपणी रडवले त्याच्यावर भावविवशतेचा शिक्का बसला. गौरव आणि अधिक्षेप या दोन्ही निर्णयांमागील माप मात्र एकच राहिले : अश्रूंचे प्रमाण. किती रडवले याची मोजदाद झाली. कशासाठी रडवले, कोणत्या प्रसंगी रडवले आणि रडणाऱ्या कुटुंबापुढे त्या क्षणी नेमका कोणता पेच होता, हे प्रश्न बाजूला पडले.

आजारपणाच्या कौटुंबिक कथेत रुग्ण मरतो किंवा मरणाच्या दारात असतो, एवढेच घडत नाही. घरातील कोणीतरी पैसा उभा करतो, कोणीतरी रात्र जागून काढतो, कोणालातरी निर्णय घ्यावा लागतो आणि एखाद्या कागदावर सही करावी लागते. मराठी भाषेत विषमज्वराला 'मुदतीचा ताप' म्हणतात. आणि कर्जालाही मुदत असते. एकच शब्द शरीराच्या आणि सावकाराच्या अशा दोन्ही हिशेबांत वापरणारी ही भाषा एका सामाजिक अनुभवाची साक्ष देते. 'छाया' (१९३६), 'श्यामची आई' (१९५३), 'श्वास' (२००४), 'अनुमती' (२०१३) आणि त्याच सुमाराचा 'अस्तु' हे चित्रपट एका रांगेत ठेवून पाहिले, तर त्यांची रचना अश्रूंवर उभी नसून मुदतीवर उभी आहे असे दिसते. समीक्षेने ही मुदत पाहिली नाही; आणि ती का पाहिली नाही, याला एक इतिहास आहे. त्या इतिहासाचा बराचसा भाग कृष्णाकाठच्या सातारा-सांगली पट्ट्यात घडला आहे.

२

आजचा सांगली जिल्हा हा जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग आणि सांगली, मिरज, जत यांसारखी संस्थाने यांच्या एकत्रीकरणातून १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' या नावाने अस्तित्वात आला. १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. सांस्कृतिकदृष्ट्या हे दोन जिल्हे एकाच नदीचे दोन टप्पे आहेत. या पट्ट्याची ओळख नाटकाशी जोडलेली आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' सादर केले. कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी जन्मलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' (१८८३) हे भाषांतर करून शोकान्ताचा एक श्रेष्ठ नमुना मराठी वाचकापुढे ठेवला. सांगलीलगतच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी १८८६ मध्ये 'दुर्गा' लिहिले. थॉमस सदर्न या आयरिश नाटककाराच्या 'द फेटल मॅरेज'वर ते आधारलेले होते. मूळ नाटकातील विधवा नायिका दुसऱ्या लग्नाला तयार होते ती प्रेमापोटी नव्हे. दाराशी आलेले देणेकरी तिला त्या टोकाला नेतात. मेलेला समजलेला पती परततो, तेव्हा विनाश अटळ होतो. मराठी रंगभूमीवरच्या एका आरंभीच्या कौटुंबिक शोकान्ताच्या मुळाशी अशा रीतीने ऋण उभे आहे, याची नोंद घेण्याजोगी आहे.

या प्रदेशातील प्रेक्षकाला ऋणाची कथा परकी वाटण्याचे कारण नव्हते. १८७५ च्या दंग्यांनंतर सरकारने १८७९ मध्ये जो दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदा केला तो पुणे, सोलापूर, अहमदनगर आणि सातारा या चार जिल्ह्यांसाठी होता. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते. या कायद्यातील एक तरतूद लक्षणीय आहे. शेतकऱ्याने करून दिलेला दस्तऐवज ग्रामनिबंधकासमोर लिहिला जावा, म्हणजे आपण कशावर अंगठा उठवतो आहोत हे त्याला कळेल, असा तिचा हेतू होता. न समजलेल्या कागदावर दिलेली संमती ही संमती नव्हे, हे तत्त्व या पट्ट्यात इस्पितळाच्या संमतिपत्रापूर्वी कर्जरोख्याच्या निमित्ताने येऊन पोहोचले होते.

इस्पितळही येथे लवकर आले. विल्यम वॉनलेस या मिशनरी डॉक्टरांचे मिरजेतील रुग्णालय १८९४ मध्ये सुरू झाले आणि पुढे मिरजेजवळ क्षयरोग्यांचे आरोग्यधामही उभे राहिले. रेल्वेच्या जंक्शनमुळे दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातून रुग्ण मिरजेस येऊ लागले. सांगली हे नाटकाचे गाव आणि मिरज हे इस्पितळाचे गाव, आणि दोहोंमध्ये अंतर जेमतेम दहा किलोमीटरचे. रंगमंचावरची मृत्युशय्या आणि इस्पितळातली खाट या दोन्हींचा परिचय असलेला प्रेक्षकवर्ग या परिसरात दीर्घकाळ नांदत होता. करुणाची चर्चा करणाऱ्या समीक्षेने मात्र पहिलीचाच विचार केला.

३

'करुण रसापासून आनंद कसा होतो?' हा मराठी काव्यशास्त्रविचारातील एक दीर्घकाळ चाललेला वाद होय. या वादातील सर्वांत प्रसिद्ध उपपत्ती नरसिंह चिंतामण केळकर यांची. केळकरांचे कुटुंब मिरज संस्थानाशी संबंधित होते आणि टिळकांच्या बोलावण्यावरून १८९६ मध्ये पुण्यास जाण्यापूर्वी त्यांनी साताऱ्यात वकिली केली होती. १९२१ मध्ये बडोद्याच्या साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्यांनी 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली. वाचक किंवा प्रेक्षक दुसऱ्याच्या भूमिकेशी तद्रूप होतो, परंतु स्वतःच्या 'मी'चे भान पूर्णपणे सोडत नाही. एकाच वेळी आपण आपण असणे आणि दुसरा होणे, यात वाङ्मयानंदाचे मूळ आहे, असा त्या उपपत्तीचा थोडक्यात आशय. दुःखाचे दर्शन सुखद का होते, याचे उत्तर त्यातून मिळत होते.

या वादाने मराठी समीक्षेला एक सूक्ष्म परिभाषा दिली, के. ना. वाटवे यांच्या 'रसविमर्शा'पर्यंत (१९४२) तिचा विस्तार झालेला दिसतो. परंतु या चर्चेची एक मर्यादाही होती. तिने प्रश्न विचारला तो प्रेक्षकाच्या आनंदाविषयी. दुःखाच्या कारणपरंपरेविषयी नव्हे. शिवाय प्रेक्षक तद्रूप होतो तो कोणाशी, हा उपप्रश्न फारसा उपस्थित झाला नाही. शोकान्त नाटकात नायकाशी, असे उत्तर गृहीत धरले गेले. आजारपणाच्या कथेत मात्र हे गृहीतक टिकत नाही. अंथरुणावरच्या रुग्णाशी तद्रूप होणे कठीण असते; त्याची वेदना बाहेरून दिसते, आतून कळत नाही. प्रेक्षक ज्याच्या भूमिकेत शिरतो तो उशाशी बसलेला माणूस असतो : नवरा, मुलगा, लेक, आजोबा. केळकरांची उपपत्ती या दिशेने पुढे नेली असती, तर आजारपणाची कथा ही मुळात शुश्रूषा करणाऱ्याची कथा आहे, हे मराठी समीक्षेच्या ध्यानी फार पूर्वी आले असते.

रंगभूमीवर याचा पुरावा समोर होता. राम गणेश गडकरी यांचे क्षयाने निधन झाले २३ जानेवारी १९१९ रोजी. त्यानंतर महिन्याभरातच गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यात 'एकच प्याला' रंगमंचावर आणले. सिंधूची भूमिका बालगंधर्वांची होती. या नाटकावरील चर्चा मुख्यतः सुधाकर हा शोकनायक ठरतो की नाही आणि सिंधूचे सोशिकपण पटण्याजोगे आहे की नाही, या दोन प्रश्नांभोवती फिरली. दळण दळून संसार चालवणारी सिंधू प्रेक्षकांच्या स्मरणात राहिली. समीक्षेत मात्र ती पातिव्रत्याची मूर्ती म्हणूनच उरली. घरातल्या रित्या डब्यांचा विचार रसचर्चेच्या कक्षेत बसत नव्हता.

४

'छाया' हा चित्रपट या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो. वि. स. खांडेकर यांचा जन्म १८९८ मध्ये सांगलीत झाला आणि शालेय शिक्षणही तेथेच झाले. देवलांचे निधन १९१६ मध्ये झाले तेव्हा खांडेकर अठरा वर्षांचे होते. म्हणजे ज्या गावाच्या रंगभूमीवर देवलांची छाप होती त्या गावात ते वाढले. पुढे शिरोड्यात शिक्षक असताना त्यांनी मास्टर विनायक यांच्यासाठी 'छाया'ची कथा-पटकथा लिहिली. ही त्यांची पहिलीच पटकथा. विनायक, बाबूराव पेंढारकर आणि पांडुरंग नाईक यांनी नुकत्याच स्थापन केलेल्या हंस पिक्चर्सचा हा चित्रपट १९३६ मध्ये प्रदर्शित झाला.

कथेचा आरंभ आजारपणात आहे. मरणोन्मुख पत्नीच्या औषधोपचारासाठी एक गृहस्थ पैशांची अफरातफर करतो आणि तुरुंगात जातो. त्यानंतरची सारी कथा ही त्याच्या मुलांच्या वाट्याला आलेल्या कलंकाची कथा आहे. कवी असलेला प्रकाश आणि त्याची बहीण छाया यांना समाज ओळखतो तो चोराची मुले म्हणून. येथे आजार हा कथेचा शेवट नाही, आरंभ आहे. मृत्यू ही परिणती नाही, कारण आहे. आजारामुळे निर्माण झालेले देणे पुढची पिढी अब्रूच्या रूपाने फेडत राहते. देवलांच्या 'दुर्गा'तील देणेकरी दाराशी उभा होता. खांडेकरांच्या 'छाया'त तो समाजाच्या नजरेत शिरला आहे, असे म्हणता येईल.

या चित्रपटाला मराठी साहित्यसमीक्षेने काय स्थान दिले? खांडेकरांवरील बहुतेक विवेचनात 'छाया' हा त्यांच्या चित्रपटलेखनाच्या यादीतील पहिला उल्लेख म्हणून येतो आणि तेथेच संपतो. त्याला दोन कारणे संभवतात. एक म्हणजे पटकथा हा वाङ्मयप्रकार म्हणून समीक्षेच्या कक्षेत नव्हता. दुसरे अधिक महत्त्वाचे. 'कलेसाठी कला' आणि 'जीवनासाठी कला' या वादात खांडेकर दुसऱ्या पक्षाचे प्रतिनिधी ठरले आणि त्या पक्षाची परीक्षा ध्येयवाद या एकाच अंगाने होऊ लागली. खांडेकरांच्या लेखनात आदर्शवाद, अलंकारप्रचुरता, भावविवशता किती, याची चर्चा भरपूर झाली. त्यांच्या कथानकात पैशाचे स्थान काय, औषधाची किंमत नीतीची किंमत कशी ठरवते, ही चर्चा त्या मानाने क्वचित झाली. ध्येयवादी म्हणून गौरवलेला आणि ध्येयवादी म्हणूनच नाकारलेला हा लेखक आजारपणाच्या अर्थकारणाचा एक आरंभीचा कथाकार होता, हे दोन्ही पक्षांच्या नजरेतून निसटले.

१९४५ नंतरच्या नवसाहित्याने भावविवशतेविरुद्ध जो पवित्रा घेतला त्याने हे अंतर वाढवले. तो पवित्रा त्या काळी आवश्यक होता, यात शंका नाही. शब्दबंबाळ कारुण्याला त्याने आळा घातला. परंतु अश्रूंचा अतिरेक नाकारताना अश्रूंमागील व्यवहारही नाकारला गेला. पुढे पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि मुंबईत १९६८ मध्ये प्रभात चित्र मंडळ स्थापन झाले आणि मराठीत गंभीर चित्रपटआस्वादाची परंपरा रुजली, ती नववास्तववादाच्या आणि युरोपीय कलाचित्रपटाच्या संस्कारातून. नवसाहित्याची अलिप्तता आणि चित्रपट संस्थांची अभिरुची या दोन प्रवाहांच्या संगमातून 'संयम' ही कसोटी घडली.

५

'श्यामची आई' या चित्रपटाचे स्वागत या कसोटीच्या प्रभावाआधीचे आहे, आणि म्हणूनच ते तुलनेसाठी उद्बोधक ठरते. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिलेल्या पुस्तकावरून प्र. के. अत्रे यांनी काढलेला हा चित्रपट १९५३ मध्ये आला. वनमाला यांनी आईची आणि माधव वझे यांनी श्यामची भूमिका केली. १९५४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार प्रथमच दिले गेले तेव्हा राष्ट्रपतींचे सुवर्णपदक या चित्रपटाला मिळाले.

त्याचे ग्रहण झाले ते मातृप्रेमाचे स्तोत्र म्हणून. येथे अश्रू हा दोष नव्हता, पुरावा होता. रडवण्याचे सामर्थ्य हीच चित्रपटाची थोरवी मानली गेली. वरवर पाहता ही भूमिका संयमाच्या कसोटीच्या नेमकी उलट आहे. प्रत्यक्षात दोहोंचे माप एकच आहे. साने गुरुजींच्या कथेत आईच्या संस्कारांबरोबर कर्जाचा धागा सलग विणलेला आहे. घराण्याची पडती, सावकाराच्या माणसाने दाराशी येऊन केलेला अपमान, जप्तीची दवंडी आणि मग आईचे शेवटचे दुखणे, असा त्या कथेचा उत्तरार्ध आहे. आई खंगते ती केवळ रोगाने नव्हे. कर्जाची मुदत आणि शरीराची मुदत या दोन्ही एकाच सुमारास संपतात. कथेची गती या दोन मुदतींच्या स्पर्धेतून निर्माण होते. मुलाला शेवटच्या क्षणी आईजवळ पोचता येत नाही, या घटनेतील शोक त्या गतीमुळेच तीव्र होतो. आईच्या महत्तेवर लक्ष केंद्रित केलेल्या समीक्षेला ही रचना केवळ 'गरिबीची पार्श्वभूमी' वाटली. २०२३ मध्ये सुजय डहाके यांनी हीच कथा पुन्हा, कृष्णधवल रूपात पडद्यावर आणली आणि त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार तिला मिळाला. सत्तर वर्षांनंतरही या कथेचे सामर्थ्य आटलेले नाही, एवढे त्यावरून स्पष्ट होते.

६

'श्यामची आई'नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मराठीकडे आला तो थेट 'श्वास'च्या रूपाने. संदीप सावंत दिग्दर्शित हा चित्रपट २००४ मध्ये प्रदर्शित झाला. म्हणजे पन्नास वर्षांच्या अंतराने गौरवलेले हे दोन्ही मराठी चित्रपट घरातील आजाराची कथा सांगतात. हा योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा नाही.

'श्वास'मध्ये कोकणातला एक आजोबा नातवाला शहरातील डॉक्टरकडे घेऊन येतो. मुलाच्या डोळ्यांना कर्करोग झाला आहे. शस्त्रक्रियेने जीव वाचेल, दृष्टी जाईल. ही गोष्ट मुलाला आधी सांगितली पाहिजे, असा डॉक्टरांचा आग्रह आहे. शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते आणि त्या अवकाशात आजोबा नातवाला इस्पितळाबाहेर नेऊन जग दाखवतो. समीक्षेने या चित्रपटाचे स्वागत मुक्तकंठाने केले. त्याच्या साधेपणाचा आणि अर्थातच संयमाचा गौरव झाला. मराठी चित्रपटाच्या पुनरुत्थानाचा आरंभबिंदू म्हणून त्याला स्थान मिळाले. ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून निवड झाल्यावर प्रचारखर्चासाठी महाराष्ट्रातून लोकवर्गणी गोळा झाली आणि 'श्वास' हा भाषिक अस्मितेचा विषय बनला. एका गरीब आजोबाच्या असहायतेची कथा सांगणाऱ्या चित्रपटाभोवती पैशांची चर्चा झाली ती त्या असहायतेची नव्हे, चित्रपटाच्या प्रचारखर्चाची.

रचनेच्या दृष्टीने पाहिल्यास 'श्वास'मधील मुदत म्हणजे शस्त्रक्रियेची तारीख. सबंध चित्रपट त्या तारखेच्या दिशेने सरकतो आणि ती पुढे गेल्यामुळे मिळालेल्या एका दिवसावर त्याचा कळस उभा राहतो. केंद्रस्थानी आहे संमतीचा प्रश्न. ज्याचे शरीर त्याला सांगायचे की नाही, त्याच्या वतीने होकार देणाऱ्याला आपण कशाला होकार देत आहोत ते कळले आहे काय? इस्पितळातील समाजसेविकेचे पात्र याच ठिकाणी उभे आहे. कागदाची भाषा आणि आजोबाची भाषा यांमधला दुवा बनणे, हे तिचे काम. १८७९ च्या कायद्यातील ग्रामनिबंधकाकडून जी अपेक्षा होती, तिच्याशी या कामाचे नाते जुळते. अशा नात्यांचा शोध घेतल्याशिवाय आजोबाचे दुःख हे 'निरागस ग्रामीण माणसाचे दुःख' एवढ्या ठरीव वर्णनात अडकून पडते.

'अनुमती' या गजेंद्र अहिरे यांच्या चित्रपटात हा धागा अधिक स्पष्ट होतो. निवृत्त गृहस्थाची पत्नी अतिदक्षता विभागात कृत्रिम श्वासावर आहे. रोजचे बिल वाढते आहे. मुलाला वाटते, उपचार थांबवण्याच्या कागदावर सही करावी. नवऱ्याचा हात धजत नाही, आणि तो पैशांसाठी दारोदार फिरतो. विक्रम गोखले यांना या भूमिकेसाठी २०१२ चा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार इरफान खान यांच्यासह विभागून मिळाला आणि चित्रपटाची चर्चा बव्हंशी त्या अभिनयाभोवती फिरली. अभिनय निःसंशय थोर दर्जाचा होता. परंतु त्याच सुमारास जीवनरक्षक उपचार थांबवण्याचा प्रश्न देशात न्यायालयीन पातळीवर धसास लागत होता. अरुणा शानभाग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०११ मध्ये मर्यादित स्वरूपात निष्क्रिय दयामरणाला मान्यता दिली होती. मार्च २०१८ च्या निकालाने सन्मानाने मरण्याचा हक्क आणि आगाऊ वैद्यकीय निर्देश यांनाही मान्यता मिळाली. कायद्याच्या भाषेत हा प्रश्न रुग्णाच्या प्रतिष्ठेचा होता. 'अनुमती'ने दाखवले ते असे, की सामान्य घरात प्रतिष्ठेचा प्रश्न बिलाच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही. सही न करणारा नवरा प्रेमापोटी नकार देतो की अपराधभावापोटी, आणि सही मागणारा मुलगा निर्दय असतो की हिशेबी, याचा निवाडा सोपा नाही.

येथे एक तुलना उपयुक्त ठरेल. मिखाएल हानेके यांच्या 'आमूर' या चित्रपटाला २०१२ मध्ये कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला. त्यातही वृद्ध पती आजारी पत्नीची शुश्रूषा करतो आणि अखेरचा निर्णय त्याच्यावर येऊन पडतो. परंतु पॅरिसमधील त्या प्रशस्त घरात उपचाराचा खर्च हा कथेचा पेच नाही. पेच आहे तो पत्नीला दिलेल्या वचनाचा आणि बंद दाराआडच्या एकाकीपणाचा. हिंदीत 'आनंद'ने (१९७१) मरणासन्न नायकाला कुटुंबच दिले नाही आणि डॉक्टर त्याचे मित्र केले, त्यामुळे तेथेही बिलाचा प्रश्न उद्भवत नाही. मृत्यू जीवनविषयक तत्त्वज्ञानाचे निमित्त होतो. या दोन चित्रपटांच्या शेजारी ठेवल्यावर मराठी परंपरेचे वेगळेपण उठून दिसते. 'आमूर'च्या मापाने 'अनुमती' मोजून तो 'पुरेसा संयत' ठरतो की नाही, असे विचारणे म्हणजे वेगळ्या घराच्या हिशेबाची वही या घराला लावणे होय.

'अस्तु' या सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या चित्रपटाने या परंपरेला वेगळे वळण दिले. स्मृतिभ्रंशाला मुदत नसते. संस्कृतचे निवृत्त पंडित चक्रपाणी शास्त्री (मोहन आगाशे) हत्तीच्या मागे चालत जातात आणि हरवतात. त्यांना आसरा मिळतो तो हत्तीवाल्याच्या बायकोकडे, कन्नड बोलणाऱ्या चन्नम्माकडे. लेक शोधत फिरते, आणि एक अनोळखी स्त्री त्यांना लेकरासारखे जेवू घालते. अमृता सुभाष यांना या भूमिकेसाठी साहाय्यक अभिनेत्रीचा, तर सुमित्रा भावे यांना संवादलेखनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपटाचा उपयोग पुढे स्मृतिभ्रंशाविषयीच्या जनजागरणासाठी झाला, ही त्याच्या स्वागताची एक आदरणीय बाजू. परंतु या चित्रपटातील सर्वांत धाडसी विधान वैद्यकीय नाही. शुश्रूषा ही रक्ताच्या नात्याची मक्तेदारी नव्हे; जिच्याजवळ गमावण्यासारखी प्रतिष्ठा आणि वाचवण्यासारखा वेळ दोन्ही नाहीत, तिला ती अधिक सहज साधते. मुदतच नसलेल्या आजाराने कर्तव्याचा हिशेब मोडून पडतो, तेव्हा हिशेबाबाहेरचे माणूसपण दिसू लागते. मुदतीची ही परंपरा लक्षात घेतल्यावरच 'अस्तु'ने ती कोठे ओलांडली हे कळते.

७

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. कलाकृतीतील पैशाचा हिशेब मांडणे म्हणजे कलेला समाजशास्त्रीय दस्तऐवजाच्या पातळीवर आणणे नव्हे काय? आक्षेप दुर्लक्षणीय नाही. परंतु येथे मांडलेला मुद्दा केवळ आशयाचा नाही. मुदत हे या चित्रपटांचे कालतत्त्व आहे. कोणता प्रसंग लांबवायचा, कोणता आखडता घ्यायचा, कळस कोठे येऊ द्यायचा, हे मुदत ठरवते. 'छाया'त ती कथेपूर्वीच संपलेली आहे आणि म्हणून उरलेली कथा परिणामांची आहे. 'श्यामची आई'त दोन मुदती समांतर धावतात. 'श्वास'मध्ये ती एका दिवसाने लांबते. 'अनुमती'त ती बिलागणिक रोज नव्याने सुरू होते. 'अस्तु'त ती नाहीशी होते. रूपाचा विचार करणाऱ्या समीक्षेलाच हे दिसायला हवे होते.

पाश्चात्त्य समीक्षेत १९७० नंतर अतिनाट्याचे पुनर्मूल्यमापन झाले. टॉमस एल्सेसर यांचा १९७२ मधील निबंध आणि पीटर ब्रूक्स यांचे १९७६ मधील पुस्तक यांनी अश्रूप्रधान कथेत दडलेला सामाजिक व नैतिक संघर्ष वाचण्याची पद्धत घडवली. सूझन सॉन्टॅग यांनी १९७८ मध्ये आजाराला रूपक बनवण्याच्या प्रवृत्तीवर टीका केली. मराठी अभ्यासकांना ही साधने उपलब्ध आहेत. परंतु ती उसनी घेऊन जशीच्या तशी लावण्याआधी घरच्या सामग्रीकडे पाहणे हिताचे. देवलांच्या नाटकातील देणेकरी, खांडेकरांच्या पटकथेतील औषधाची किंमत, आणि तद्रूप होऊनही स्वत्वाचे भान राखणारा केळकरांचा प्रेक्षक, या तीन गोष्टी एकाच प्रदेशातून आलेल्या आहेत आणि त्यांची सांगड घालण्याचे काम झालेले नाही.

केळकरांचा प्रेक्षक आजारपणाचा चित्रपट पाहताना उशाशी बसलेल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवतो, आणि तसे करताना स्वतःच्या घराचा हिशेब विसरत नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी येते ते याच दुहेरी जाणिवेतून. ते पाणी किती आले, हे मोजणारी समीक्षा त्याच्या अनुभवाच्या बाहेरच उभी राहते. संयम हा गुण आहे. पण तो कलावंताचा गुण आहे, समीक्षकाची कसोटी नव्हे. पडद्यावरचा माणूस कोणत्या कागदावर सही करतो आहे, तो कागद कोणी लिहिला, आणि त्याची मुदत कोणी ठरवली, हे विचारल्याशिवाय त्याच्या अश्रूंचे मोल ठरवता येणार नाही.